लहूच्या हातावरची सूज

आमच्या घरात आजही सांगतात की आम्हा दोघा जुळ्या भावांना तरुणपणी क्षय झाला होता. सुना सांगतात, नातवंडं सांगतात, लग्नकार्यात भेटणारे दूरचे पाहुणेही सांगतात. मी दर वेळी ते ऐकतो आणि विषय बदलतो. असं कित्येक वर्षं चाललं आहे. क्षय एकालाच झाला होता, मला. माझा भाऊ लहू याला तो कधीच झाला नाही.

माझी नात डॉक्टरकी शिकते. मागच्या सुट्टीत ती आली तेव्हा तिने सहज विचारलं, "आबा, आपल्या घरात टीबी कोणाकोणाला होता?"

"माझ्या बापाला, बापाच्या बहिणीला आणि मला."

"आणि लहूआबांना?"

मी नेहमीसारखा पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. मग का कोण जाणे, हात मागे घेतला आणि म्हणालो, "नाही. त्याला नव्हता."

"मग सगळे तसं का म्हणतात?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला तेव्हा दिलं नाही. इथे लिहितो आहे. ज्यांच्या घरात एक माणूस या आजाराने पडला आहे आणि दुसरा त्याच घरात धडधाकट हिंडतो आहे, त्यांनी हे वाचावं. दोघांनीही वाचावं.

१९५८च्या हिवाळ्यात यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. डॉक्टर मध्यम वयाचे, नागपूरकडचे, हळू बोलणारे होते. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कॅव्हिटी आहे." कॅव्हिटी म्हणजे पोकळी. जंतूंनी फुफ्फुस खाऊन केलेलं भोक. थुंकीच्या तपासणीतही जंतू सापडले होते. "हा टीबी आहे. पण आता औषधं आहेत. पूर्ण घेतली तर माणूस बरा होतो."

त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण पहिला विचार तो नव्हता. शेजारी लहू उभा होता. खांद्यावर माझी पिशवी, दुसऱ्या हातात माझी चादर, तोंडात सुपारी. दारव्ह्याहून छोट्या रेल्वेने आम्ही आलो होतो आणि स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत त्याने मला जवळजवळ उचलूनच आणलं होतं. त्याला धाप लागली नव्हती. मी त्याच्या छातीकडे पाहिलं आणि माझ्या मनात आलं, याला का नाही?

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावचे. घरचं कापसाचं आणि ज्वारीचं शेत. जुळे झालो म्हणून नावं ठेवली लहू आणि अंकुश. तो आधी आला, मी मागून. एकाच घरात वाढलो, एकाच ताटात जेवलो. बाप आजारी पडला तेव्हा त्याच्या पायथ्याशी एकाच गोधडीत दोघं झोपायचो. बाप खोकायचा ती हवा दोघांच्याही छातीत गेली. १९५६ मध्ये बाप गेला. त्याच्या आधी त्याची बहीण याच आजाराने गेली होती. दोघांचंही सगळं करणारी आमची माय मात्र ठणठणीत राहिली.

पहिली खूण मला कापूस तुडवताना कळली. बैलगाडीवर मोठं बोरं, म्हणजे गोणपाटाची झोळी, बांधून त्यात कापूस भरायचा आणि आत उभं राहून पायांनी दाबायचा, म्हणजे जिनिंगला नेताना जास्त मावतो. हे काम आम्ही दोघं जोडीने करायचो. कापसाची धूळ नाकातोंडात जायची. खोकला दोघांनाही यायचा. लहूचा संध्याकाळी बंद व्हायचा. माझा त्या वर्षी बंद झाला नाही. मग दिवेलागणीला बारीक ताप येऊ लागला. झोपेत घामाने अंथरूण भिजायचं. कंबरेचा करदोटा सैल झाला. शेवटी एकदा विहिरीवर पाणी ओढताना तोंडाला खारट लागलं आणि थुंकलो तर रक्त.

म्हणून सांगतो, दोन-तीन आठवडे खोकला हटला नाही तर धूळ, बिडी, थंडी यांना दोष देत बसू नका. थुंकी तपासा.

पहिल्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "जुळे म्हणता? चेहरे तर काहीच मिळत नाहीत."

लहू हसत म्हणाला, "मी मायवर गेलो साहेब. हा बापावर. याचं नाकही बापाचं अन् खोकलाही बापाचाच."

लहूची थट्टा अशीच असायची. त्यात विष नसायचं. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं.

लहूचाही एक्स-रे काढला. छाती स्वच्छ निघाली. डॉक्टर तो उजेडात धरून "उत्तम" म्हणाले, तेव्हा माय रडली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मी मात्र त्या काचेसारख्या काळ्या कागदाकडे पाहत राहिलो. त्यात कुठेतरी एखादा पांढरा ठिपका असावा, असं मला मनापासून वाटत होतं.

मला क्षयाच्या वॉर्डात ठेवलं. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन रोज कुल्ल्यावर. त्याने कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. पी.ए.एस. नावाचं दुसरं औषध, ते इतकं घ्यावं लागे आणि इतकं कडू असे की अर्धे लोक ते खिडकीतून फेकायचे. तिसरी आयसोनियाझिडची लहानशी गोळी. खाटेखाली झाकणाचा डबा, त्यात फिनेल. थुंकायचं त्यातच. आता गोळ्या सोप्या झाल्या आहेत, काळही कमी लागतो. तेव्हा दीड वर्षाचं काम होतं.

लहू आठवड्यातून दोनदा तरी यायचा. आमच्या घरी अंड्याला शिवत नसत. डॉक्टरांनी मला अंडी सांगितली, म्हणून तो शेतात तीन दगड मांडून अंडी उकडायचा आणि मायला न सांगता फडक्यात बांधून आणायचा. मला भरवून झालं की बाहेर निंबाखाली बसून स्वतःची भाकरी सोडायचा. ठेचा, कांदा, भाकरी. वॉर्डाच्या खिडकीतून तो मला दिसायचा. प्रत्येक घासाला त्याचा जबडा हलायचा, मानेची शीर उठायची. माझ्या तोंडाला चव नव्हती. मला त्या भाकरीचा हेवा वाटायचा, त्याच्या भुकेचा वाटायचा. जेवून झाल्यावर तो तिथेच डोक्याखाली हात घेऊन पडायचा आणि लगेच झोपायचा. त्या झोपेचा तर सगळ्यात जास्त. त्याने आणलेलं अंडं पोटात असताना मी हा सगळा हेवा करत होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर दिग्रसकडच्या एका तांड्यावरचे म्हातारे नाईक होते. त्यांची नजर बारीक होती. एकदा लहू गेल्यावर ते म्हणाले, "काय रे पोट्ट्या, भाऊ एवढा येते, अन् तू भिंतीकडं तोंड करते. भांडण हाय काय?"

"नाही."

"मंग त्याचा राग येते की त्याच्या छातीचा?"

मी चादर तोंडावर ओढली. ते खोकत हसले. "माही बायको चाळीस वर्सं माह्याच बाजूले झोपली. तिले शिंकही नाही आली. मीही लय जळलो बावा. मंग इचार केला, ही पडली असती त मले भाकर कोन देल्ली असती?"

ते बरे होऊन तांड्यावर गेले. त्यांचं बोलणं मला पटलं होतं. उपयोग काही झाला नाही.

एकदा मी धीर करून डॉक्टरांना विचारलं. एक हवा, एक ताट, एक वय, एकाच आईचं दूध. मग मीच का? त्यांनी खाटेशी स्टूल ओढलं. ते म्हणाले, "टीबी वारशाने येत नाही. जंतू हवेतूनच येतो. पण जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार झालाच असं नसतं. बहुतेकांचं शरीर त्याला कोंडून ठेवतं. काहींचं ठेवू शकत नाही. भूक, दारू, अतिकष्ट, दाटीची घरं, यांनी ती ताकद कमी होते. आणि थोडी माणसागणिक जन्मतःच कमी-जास्त असते. आईबापांकडून नाक-डोळे जसे येतात, तशी तीही येते. तुम्ही जुळे असलात तरी दोन वेगळ्या बीजांचे. तुमच्यात सख्ख्या भावांइतकंच साम्य."

"म्हणजे लहूला चांगलं आलं आणि मला वाईट."

"इतकं सरळ नसतं ते. चेहरा बापाचा म्हणून छातीही बापाची, असं कोणी सांगू शकत नाही. आणि एवढं लक्षात ठेवा, त्यात तुमच्या भावाने तुमचं काही घेतलेलं नाही."

माझ्या नातीने मला आता तेच जास्त नीट समजावलं. जीन म्हणजे शरीर घडवणाऱ्या सूचना. त्या आईकडून अर्ध्या, बापाकडून अर्ध्या येतात आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला वेगळी जुळणी येते. क्षयाशी लढणाऱ्या पेशी कशा वागतील हे ठरवणाऱ्या अशा पुष्कळ सूचना आहेत. प्रत्येकीतला फरक थोडा थोडा परिणाम करतो. कुठलीही एक सूचना नशीब ठरवत नाही. म्हणून घरात रोग आहे म्हणून कोणी हाय खाऊ नये, आणि घरात नाही म्हणून कोणी बेफिकीर राहू नये.

पण तेव्हा डॉक्टरांचं शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही. मी एवढंच घेतलं की आईच्या पोटात वाटणी झाली आणि त्यात लहूने चांगला वाटा उचलला.

आता लग्नाची गोष्ट सांगायला हवी. बाभुळगावकडच्या एका घरी दोन बहिणी होत्या. मोठी वत्सला लहूला आणि धाकटी मला, असं आजाराआधीच बोलणं झालं होतं. दोन भाऊ, दोन बहिणी, एकाच मांडवात दोन्ही लग्नं. आमच्याकडे ही रीत होती, खर्चही वाचायचा. माझा आजार कळल्यावर मुलींच्या बापाने निरोप धाडला की धाकटीचं आता जमणार नाही. त्यांना दोष देत नाही. मीही अशा घरी मुलगी दिली नसती. लहूचा एक्स-रे चांगला आला म्हणून वत्सलाचं मात्र त्यांनी कायम ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी उरलेली औषधं घेऊन वॉर्डातून घरी आलो तेव्हा माझी खाट गोठ्याच्या बाजूच्या खोलीत टाकलेली होती. थाळी वेगळी, तांब्या वेगळा. लहू मात्र उंबऱ्यात बसून माझ्यासोबत जेवायचा. माय ओरडायची, "लहू, अंमळ दूर बस ना रे."

तो म्हणायचा, "माय, पोटात नऊ महिने एकत्र होतो, तवा नाही बोलली."

त्याच उन्हाळ्यात बी.सी.जी.ची गाडी गावात आली. बी.सी.जी. म्हणजे क्षयाची लस. तेव्हा ती सरसकट देत नसत. आधी प्रत्येकाच्या हातावर, कोपराच्या खाली, कातडीत बारीक सुई टोचायची. ती माँटू टेस्ट. वॉर्डात भरती होताना ती माझ्याही हातावर केली होती. तिसऱ्या दिवशी पथक परत यायचं आणि जिथे टोचलं तिथे किती सूज आली हे पट्टीने मोजायचं. ज्याचा हात सुजला नाही त्याला लस. ज्याचा सुजला त्याला लस नाही.

चावडीसमोर रांग लागली होती. मी लांब पारावर बसून पाहत होतो. लहूचा हात चांगलाच उठला होता, लालभडक, टणक. पथकातल्या माणसाने पट्टी लावली, मान हलवली आणि घाईत म्हणाला, "तुला लस नको. चल, पुढचा." मागे एवढी माणसं उभी होती की समजावून सांगायला त्याला सवड नव्हती.

गावाने त्याचा अर्थ लावला तो असा. सरकारने चांगल्या माणसांना औषध दिलं. लहूला दिलं नाही. म्हणजे सरकारनेच त्याला सोडून दिलं. गावात आणखी काहींचे हात सुजले होते. पण त्यांच्या घरी बाप खोकून मेला नव्हता, भाऊ गोठ्याशेजारी पडलेला नव्हता. शिवाय आम्ही जुळे. एक पडला की दुसरा पडतोच, अशी लोकांची पक्की समजूत होती. ते वाटच पाहत होते.

न्हाव्याने लहूची दाढी करायची टाळाटाळ केली. लहूने त्यालाही हसून विचारलं, "काहून बे, माही दाढीही खोकून राह्यली काय?" पण त्या दिवशी घरी येऊन त्याने बाही खाली ओढली ती कितीतरी दिवस वर केली नाही.

त्या महिन्यात मी औषधं आणायला यवतमाळला एकटाच गेलो. आता तेवढी ताकद आली होती. डॉक्टरांना मी लहूच्या हाताचं विचारलं. काळजीने विचारलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे छोट्या रेल्वेत सगळा वेळ मी आशा धरून बसलो होतो.

डॉक्टर म्हणाले, "सूज म्हणजे जंतू कधीतरी शरीरात शिरला होता आणि शरीराने त्याला ओळखलं आहे, एवढंच. तुमच्या वडिलांजवळ झोपल्यावर तो शिरणारच. तुमच्या भावाची छाती साफ आहे, वजन आहे, ताप नाही. त्याच्या शरीराने जंतू कोंडला आहे. लस नको म्हणाले, कारण लस जे काम करते त्याची त्याला आता तेवढी गरज नाही."

"पण माझा हात तर तेवढा सुजला नव्हता."

"भरती झालात तेव्हा तुमच्या अंगात प्रतिकाराची ताकदच उरली नव्हती. फार खंगलेल्या माणसाचा हात कधी कधी उठत नाही. तेव्हा सुजेवरून आजार मोजायचा नसतो." मग ते म्हणाले, "गावात लोक उगाच घाबरले असतील. तुम्ही जाऊन नीट सांगा. तुमचं ऐकतील. तुम्ही यातून गेला आहात."

मी हो म्हणालो.

घरी आल्यावर मायने विचारलं, "डाक्टर काय म्हनले लहूच्या हाताचं?" मी म्हणालो, डॉक्टर गर्दीत होते, बोलणं झालं नाही. एवढंच. पुढच्या खेपेला सांगू असं ठरवलं होतं, असंही मी आठवून पाहतो. तसं काही ठरवलं नव्हतं.

मग वत्सलाचे मामा, गुलाबराव, आमच्याकडे आले. हळदीचा दिवस जवळ आला होता. मायने चहा ठेवला. लहू शेतात होता. मामा चहा घेऊन गोठ्याकडे आले, माझ्या खोलीबाहेर दावणीच्या दगडावर बसले. लांबच बसले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "अंकुशराव, तुमी या रोगाचे जाणकार. तुमाले खोटं बोलून काही भेटनार नाही. लहूच्या हाताचं लोक काहीबाही सांगून राह्यले. माही भाची हाय. मले खरं सांगा."

अंगणात मांडवासाठी आणलेले बांबू पडले होते. ते लहूने स्वतः तोडून आणले होते. दोन जोड्यांचा मांडव ठरला होता तेव्हाच तोडलेले, म्हणून आता एका जोडीसाठी जरा जास्तच होते.

मी म्हणालो, "मामाजी, मी काय सांगू? माझा हात एवढाही सुजला नव्हता. लहूचा माझ्याहून जास्त सुजला."

एवढंच बोललो. यातला एक शब्दही खोटा नव्हता. मामांनी माझ्या बरगड्यांकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. याचा एवढासा सुजला तर हा असा झाला. त्याचा एवढा सुजला तर तो कसा होईल? मला तो हिशेब त्यांच्या तोंडावर दिसला. तो चुकीचा आहे हे तिथे मला एकट्याला माहीत होतं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायलो.

मामा उठले. जाताना म्हणाले, "तुमी खरं बोलले. उपकार झाले."

दोन दिवसांनी सोयरीक मोडल्याचा निरोप आला. लहूने बांबू उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवले. एकट्यानेच उचलले. मी खाटेवरून पाहत होतो. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या आधी, फार थोडा वेळ, मला बरं वाटलं होतं. आता दोघं सारखे झालो, असं वाटलं होतं. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

तो माझ्या उंबऱ्यात येऊन बसला, रोजच्यासारखा. जेवता जेवता म्हणाला, "मामा तुह्यासंग बोलले म्हन्ते. काय म्हनलं तू त्याहीले?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ताटातली अर्धी उरलेली भाकरी पाहून म्हणाला, "खाय ना बे. डाक्टरनं सांगतलं ना, ताकद पायजे."

त्यानंतर लहूला आमच्या टापूत मुलगी मिळाली नाही. एकदा बोललेलं गावागावात जातं. मी मात्र बरा झालो. थुंकी साफ आली, पोकळी भरली, वजन वाढलं. दवाखान्याने 'रोगमुक्त' असा कागद दिला. १९६३ मध्ये त्या कागदावर माझं लग्न झालं. लहूकडे असा कागद कुठून असणार? जो कधी आजारीच पडला नाही, त्याला बरं झाल्याचा दाखला कोण देणार?

माझ्या लग्नात तो वाढपी म्हणून राबराब राबला. पुढच्या हंगामात तो घाटंजीकडे गेला. तिथे बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याचं शेत केलं. काही वर्षांनी सुभद्रा नावाच्या विधवेशी लग्न केलं. तिला एक मुलगी होती, पुढे त्यांना दोन मुलगे झाले. माणसं सांगायची, लहू सुखात आहे, संध्याकाळी त्याच्या ओट्यावर हसण्याचा आवाज येतो. मला त्याचाही हेवा वाटला. माझं घर मोठं होतं, पण माझ्या ओट्यावर कोणी एवढं हसत नव्हतं.

तो जंतू आयुष्यभर त्याच्या छातीत कोंडलेला राहिला. कधी बाहेर आला नाही. त्याच्या मुलांनाही काही झालं नाही. तरी आमच्याकडे लोक म्हणत राहिले की दोघा जुळ्यांना क्षय झाला होता, आणि मी विषय बदलत राहिलो.

या आजाराबद्दल माझं सांगणं थोडकं आहे. औषध पूर्ण घ्या, मध्येच सोडू नका. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. हातावरची सूज म्हणजे रोग नव्हे, हे शेजाऱ्यालाही सांगा, डॉक्टरांनी मला सांगायला सांगितलं होतं तसं. आणि घरातला जो वाचला त्याच्याकडे पाहून तुमच्या मनात काही येईल. येतं. त्याचं वाचणं तुमच्यातून काढून दिलेलं नसतं. तो वाचला म्हणूनच कोणीतरी तुम्हाला अंडं उकडून आणतो.

काही वर्षांपूर्वी लहू अंथरुणाला खिळला. वयाने, हृदयाने. निरोप आला तेव्हा घाटंजीचा बाजाराचा दिवस होता. माणसांनी आणि कोंबड्यांच्या टोपल्यांनी भरलेल्या जीपमध्ये मी कोपऱ्यात बसलो आणि जे बोलायचं ते मनात म्हणत गेलो. पुन्हा पुन्हा म्हटलं. शहरी भाषेत नाही, आमच्या घरच्या बोलीत म्हटलं.

त्याच्या खाटेभोवती माणसंच माणसं होती. सुना, नातवंडं, शेजारी. मला पाहून तो म्हणाला, "आला काय बे अंकुश? अजून जित्ताच हाय तू? डाक्टरचा कागद पक्का निंगला बावा." सगळे हसले. सुभद्रावहिनींनी पोरांना बाहेर काढलं आणि मला त्याच्याजवळ बसायला जागा करून दिली.

तो डोळे मिटून पडला. त्याचा डावा हात चादरीवर उताणा होता. कातडी कागदासारखी झालेली. कोपराच्या खाली जिथे ती सूज आली होती तिथे काहीच नव्हतं. डागसुद्धा नव्हता. मी त्या जागेवर बोट ठेवलं. कधी ठेवलं ते मला कळलं नाही.

डोळे न उघडता लहू म्हणाला, "आता काय मोजून राह्यला?"

वाक्य तयार होतं. त्याने वाट पाहिली, हे मला आजही पक्कं वाटतं. त्याने हात मागे घेतला नाही.

मी म्हणालो, "काही नाही."

तो थोडा हसला आणि झोपला. तीच झोप, निंबाखालची. मी संध्याकाळच्या जीपने परत आलो. चार दिवसांनी तो गेला.

जे वाक्य मी घाटंजीपर्यंत नेलं आणि परत आणलं, ते असं होतं: लहू, तुह्या हाताचा अर्थ मले डाक्टरनं सांगतला होता. मामा इचारून राह्यले तवा मले तो ठाव होता. मी सांगतला नाही, काहून का तू बरा होता अन् मी नव्हतो. मले माफ कर, भाऊ.